अधिकाराबाहेरची माती

सासूचा त्या घराच्या जमिनीवर जेवढा जीव होता तेवढा घरातल्या माणसांवरही नसेल, असं सुनेचं लग्न झाल्यापासूनचं मत होतं. आणि ते काही अगदीच चुकीचं नव्हतं. मिठागरात राहायचं म्हणजे चहूबाजूंनी करडा, खारट, पायाला चिकटला की सोडता सोडत नाही असा चिखल. त्यात हे एकच घर तांबड्या मातीच्या कंबरभर उंच ओट्यावर उभं होतं. सासू लग्न होऊन आली तेव्हा भरतीचं पाणी थेट चुलीत शिरायचं. पोरीचे हाल बघून तिच्या बापानं आपल्या गावच्या तळ्याकाठची माती होड्या भरभरून इथं आणून टाकली, जावयानं ती डोक्यावरून वाहिली, आणि नवराबायकोनं पायांनी तुडवून तुडवून तिचा दगड केला. बाप गेला, नवरा गेला, माती राहिली.

त्या जमिनीत खुंटी ठोकायची नाही, जड काही आपटायचं नाही, पाण्याची घागर ओढत न्यायची नाही. रोज सकाळी सुनेनं पातळ मातीचा हात फिरवायचा आणि सासूनं दारात बसून बघायचं.

"कोपरा राहिला बघ."

"कोणता, आई?"

"जो राहिला तो."

सून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची आणि चारही कोपऱ्यांवरून पुन्हा हात फिरवायची. पायांना मिठानं भेगा पडलेल्या, त्यात हे रोजचं. कधीकधी तिला वाटायचं, एक दिवस पहार घ्यावी आणि ही सगळी जमीन उकरून समुद्रात टाकून यावी. वाटायला काय जातंय!

घरात माणसं चार. सासू, सून, तिचा नवरा आणि धाकटा दीर. नवऱ्याला बोलायचा कंटाळा, तर दिराचं तोंड सगळ्यांच्या वाटणीचं चालायचं. ऊन तापलं तरी तो त्याची दुसरी बाजू मांडायचा. म्हणून त्याला घरात, शेजारात, बाजारात सगळे वकील म्हणत.

पाऊस संपला की यांचं खरं वर्ष सुरू व्हायचं. आधी वाफ्यांची जमीन तुडवायची. चौघं एका ओळीत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, टाचेवर जोर देत, एक पाऊल आणि पुन्हा एक पाऊल, कंबर भरून येईपर्यंत. मग समुद्राचं पाणी लाकडी दारानं आत घ्यायचं, एका तळ्यातून दुसऱ्यात सोडायचं, उन्हानं ते घट्ट होत जायचं आणि शेवटच्या लहान वाफ्यांत मीठ धरायचं. वाफ्याचा तळ पक्का नसेल तर सगळं पाणी खाली मुरतं आणि हाती चिखल लागतो. तेव्हा काम पायांचं. सासूचे पाय आता थकले होते, पण ती ओळीच्या टोकाला उभी राहायचीच.

त्या वर्षी तुडवून झालं, पाणी घेऊन झालं, वाफ्यांत पांढरी साय धरायला लागली, आणि एका सकाळी समुद्राकडचा बांध ढासळलेला दिसला. बैलगाडी आरपार जाईल एवढं भगदाड! साधी भरती भगदाडाच्या खालच्या ओठापर्यंत यायची आणि माघारी जायची. पण पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी थांबणार नव्हतं. ते आत आलं की घट्ट झालेलं सगळं पाणी पुन्हा पातळ, वाफ्यांवर गाळ, आणि वर्ष गेलं.

एरवी यात एवढं घाबरण्यासारखं काही नव्हतं. बांधापलीकडे चिकणमातीचं एक टेकाड होतं. दर वर्षी तिथून माती आणायची, भेगा भरायच्या, चोपायची, विषय संपला. कुणी विचारलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. पण या वेळी वकील मध्ये पडला.

"दादा, आपण घमेल्यानं किती वाहणार? रीतसर विचारू. सरकारचा बांध, सरकारची माती. एखादं यंत्र पाठवतील, एका दिवसात काम फत्ते."

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली. खरं सांगायचं तर तिलाही ते पटलं होतं. यंत्र येणार म्हटल्यावर कोणाला नको असतं? मानेत घमेल्याच्या ओझ्यानं कायमची कळ बसली होती. वकील धुतलेला सदरा घालून गेला, मिठाच्या कचेरीत सांगून आला, आणि जाताजाता आपल्या हुशारीनं जमिनीच्या कचेरीतही सांगून आला. कुणाला राग नको, असं त्याचं म्हणणं.

आधी मिठाचा साहेब आला. सडपातळ, छत्री घेतलेला, माणूस मवाळ. वाफ्याशी वाकून त्यानं पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि खूश होऊन म्हणाला, "छान धरलंय. अजून थोडं ऊन मिळालं की झालं."

"उधाण आलं तर नाही होणार, साहेब," नवरा म्हणाला. त्यानं भगदाडाकडे हात केला.

साहेब बांधावर गेला. छत्रीच्या टोकानं माती टोकरून बघितली. मग म्हणाला, "हे बघा, मी केंद्राचा माणूस. मीठ केंद्राकडे येतं. किती निघालं, कसं निघालं, चांगलं की वाईट, ते सगळं मी बघतो. पण बांध उभा आहे जमिनीवर. जमीन राज्य म्हणतं आमची, केंद्र म्हणतं मिठागर आमचं म्हणून जमीनही आमची. ते भांडण कोर्टात आहे. तोवर बांध माझ्या अधिकारात येत नाही."

"मग मीठ कसं निघणार?" सुनेनं विचारलं. नवऱ्यानं तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, पण ती थोडीच थांबते? "मीठ तुमचं आहे ना? मग ते वाचवायला नको?"

साहेबानं रुमालानं मान पुसली. "बाई, तुमचं बरोबर आहे. आणि एक आत्ताच सांगून ठेवतो, उगाच नंतर म्हणाल सांगितलं नाही. ज्या आगरातून हंगामात मीठ निघत नाही ते आमच्याकडे बंद धरतात. एकदा बंद धरलं की पुन्हा उघडून मिळत नाही. शेजारच्या दोघांचं तसंच झालं."

शेजारची दोन्ही घरं तिला दारातून दिसत होती. छप्परं बसलेली, वाफ्यांत गवत. ती माणसं आता शहराकडे वीटभट्टीवर होती.

साहेब गेला आणि पाठोपाठ जमिनीचा साहेब आला. हा राज्याचा. अंगानं भरलेला, घामाघूम, बूट चिखलात रुतून रुतून वैतागलेला. बरोबर दोन माणसं आणि एक पाटी. ती टेकाडावर रोवायची होती आणि खड्डा खणायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

"फावडं आहे का रे?" साहेबानं नवऱ्याला विचारलं.

नवऱ्यानं फावडं आणून दिलं. त्या माणसांना ते धड धरता येईना. शेवटी नवऱ्यानंच खड्डा खणला, त्यानंच खांब धरला आणि ज्या टेकाडाची माती त्याला हवी होती तिथं माती घेऊ नये असं सांगणारी पाटी स्वतःच्या हातानं रोवली. खड्ड्यातली माती खांबाभोवती भरून थोडी उरली. ती त्याच्या फावड्यावरच होती.

"ती इथंच टाक," साहेब म्हणाला.

त्यानं टाकली. सून बांधावरून बघत होती. नवऱ्याची मान खाली गेलेली तिला दिसली.

वकील पुढे झाला. "साहेब, माती देत नाही ते ठीक. मग तुमचं यंत्र पाठवा. जमीन तुमचीच म्हणता ना?"

"यंत्र पाठवलं की केंद्रवाले कोर्टात उभे राहतील. म्हणतील राज्यानं आमच्या आगरात घुसखोरी केली. माझी नोकरी जाईल, तुझं काय जातंय?" साहेब जरा थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "कोर्टानं सांगितलंय, निकाल लागेपर्यंत जैसे थे. जे जसं आहे तसं ठेवायचं. बांधाला हात लावायचा नाही."

"पण हुकूम सुटला तेव्हा बांध पडलेला नव्हता."

"मी बघायला आलो तेव्हा पडलेला आहे. मी बघितलं तेच धरणार."

"म्हणजे भगदाडपण जैसे थे?"

साहेबानं त्याच्याकडे बघितलं. "मी काय करू, बाबा? माझ्या अधिकारात असतं तर मी कशाला अडवलं असतं?" असं म्हणून तो चिखलातून बूट उपटत निघून गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. त्यांनी ओहोळातला गाळ उपसून भगदाडात भरला. साध्या भरतीच्या नुसत्या फटकाऱ्यानं तो वाहून गेला. काट्याकुट्या घातल्या, फाटकी पोती भरून घातली, पाणी त्यांच्यामधून वाट काढायचं. वाफ्याचा तळ उकरावा तर मीठच गेलं. रात्री चोरून टेकाडाची माती आणावी तर तिथं आता राज्याचा राखणदार बसवला होता. बिचारा तोही उन्हात बसून कंटाळलेला. सुनेकडे पाणी प्यायला यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, माझ्यावर राग धरू नका." पाणी देताना ती त्याच्याकडे बघायची नाही.

वकिलाचं तोंड बंद झालं होतं. जेवायला बसायचा आणि दोन घास खाऊन उठायचा.

"आता का गप्प?" सुनेनं एकदा त्याला धारेवर धरलं. "विचारायची हौस होती ना? दोन्ही सरकारांना आवतण देऊन आलात! आजवर त्यांना आपण दिसत नव्हतो तेच बरं होतं."

"चुकलं, वहिनी," तो म्हणाला.

एवढंच. वाद नाही, दुसरी बाजू नाही. तेव्हा तिला एकदम रडू आलं. त्याला बोलून काय उपयोग? यंत्राची हाव तर तिलाही सुटली होती.

उधाणाच्या आदल्या संध्याकाळी नवरा ओट्यावर पाय सोडून बसला. म्हणाला, "पाणी आत आलं की सामान बांधू. भट्टीवर काम मिळतं. धाकटा पुढे जाऊन बघेल."

"आणि आई?" सून म्हणाली.

"आईपण येईल. कुठे जाणार?"

आत सासू जागी होती, भिंतीकडे तोंड करून पडलेली. सुनेला भट्टी नको होती. मीठ नावडायचं, पाय फुटायचे, सगळं खरं. पण मीठ धरायला लागलं की पहाटे वाफ्यांवर जो बारीक कडकडाट होतो तो तिला लेकराच्या बोबड्या बोलासारखा वाटायचा. तो ऐकायला मिळणार नाही या विचारानं तिचा जीव कासावीस झाला.

सकाळी ती नेहमीसारखी मातीचं भांडं घेऊन जमिनीवर हात फिरवायला बसली. जायचंच आहे तर कशाला, असं मनात आलं, पण हाताला सवय. सासू दारात आली.

"राहू दे आज."

"का?"

सासूनं कोपऱ्यातली पहार उचलली. तिला ती नीट पेलवेना, तरी दोन्ही हातांनी वर घेतली आणि चुलीजवळच्या कोपऱ्यात दाणकन मारली. तांबडी ढेकळं उडाली.

"आई! अहो काय करताय!"

"चिकणमाती हवी ना? ही काय आहे मग?" सासू धापा टाकत होती. "तळ्याची माती आहे. इतकी वर्षं भरतीचं पाणी अडवलंय हिनं. आणि हिच्यावर पाटी लावायला अजून कुणी आलेलं नाही. बघत काय बसलीस? पोरांना हाक मार."

सून बसल्या जागी गोठली. या जमिनीवर घागर जोरात टेकली म्हणून हिनं आपल्याशी अबोला धरला होता. आणि आज?

"आई, नको. भट्टीवर जाऊ. ही जमीन तुमच्या..."

"माझ्या बापानं ती पाणी अडवायला आणली होती," सासू म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "बघत बसायला नव्हती आणली. मीच बघत बसले. धर ही पहार, मला नाही उचलत."

सुनेनं पहार घेतली. पहिला घाव घालताना तिचे डोळे भरून आले. जी जमीन उकरावीशी कितीदा वाटली होती, तीच आता उकरवत नव्हती.

मग नवरा आणि वकील खणत होते, सून घमेली भरून वाहत होती. घर ते बांध, बांध ते घर. चूल बाहेर गेली, खाट ओट्याच्या कडेवर गेली, भांडी अंगणात आली. टेकाडावरचा राखणदार उभा राहून बघत होता. सुनेच्या डोक्यावरून तांबडी माती जाताना बघून त्यानं आपल्या टेकाडाकडे बघितलं, पुन्हा घमेल्याकडे बघितलं. टेकाड करडं होतं. तो खाली बसला आणि त्यानं दुसरीकडे तोंड केलं. दुपारी सुनेनं त्याला बोलावून पाणी दिलं आणि या वेळी त्याच्याकडे बघून दिलं.

भगदाड भरत आलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि समुद्र फुगायला लागला होता. नुसती माती टाकून भागत नाही, ती तुडवावी लागते. तिघं ओळीत उभे राहिले, खांद्यावर हात टाकले. एवढ्यात सासू काठी टेकत बांधावर आली आणि ओळीच्या टोकाला सुनेला लागून उभी राहिली.

"आई, तुमचे पाय..."

"ही माती मला ओळखते. तू हल तिकडे जरा."

तिचा हाडकुळा हात सुनेच्या खांद्यावर पडला. एक पाऊल आणि पुन्हा एक पाऊल. पाणी बांधाला लागलं, चढलं, हात हात वर आलं. माती पायाखाली लवायची, मग घट्ट व्हायची. टाचेतून कळ मस्तकात जात होती. सासूचा सगळा भार आपल्यावर आलाय हे सुनेला कळत होतं, पण ती तसूभर हलली नाही. पाणी अगदी माथ्याशी आलं, दोनदा त्यांच्या बोटांवरून फुटलं, आणि तिथंच थबकलं. मग हळूहळू उतरायला लागलं.

वकील मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देत रडला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही साहेब मागोमाग आले. बांधावर करड्या मातीत ते तांबडं ठिगळ लांबूनही लपत नव्हतं. जमिनीच्या साहेबाचा चेहरा उतरला.

"बांधाला हात लावायचा नाही असं मी सांगितलं होतं की नाही?"

"हात कुठे लावला, साहेब?" सासू म्हणाली. "पायांनीच तुडवलंय सगळं."

मिठाच्या साहेबाला हसू आलं, ते त्यानं छत्रीआड लपवलं. जमिनीचा साहेब मात्र टेकाडावर जाऊन आला. पाटी जागेवर, माती जागेवर. राखणदार म्हणाला, एक ढेकूळ हललेलं नाही.

"मग ही माती आणली कुठून?"

"या, दाखवते," सासू म्हणाली. ती दोघांना घराकडे घेऊन गेली. "बसा म्हटलं असतं, पण जपून. आत खड्डा आहे."

साहेब दारात थबकले. चार भिंतींच्या आत माणूस गुडघ्याच्या वर बुडेल एवढा खड्डा. तळाशी खारं पाणी झिरपायला लागलेलं. कडेच्या चिंचोळ्या पट्ट्यावर एक खाट आणि दोन गाठोडी. भिंतीला रोजच्या हाताची तांबडी रेघ राहिली होती आणि तिच्याखाली काहीच नव्हतं.

"माझ्या माहेरची माती," सासू म्हणाली. "होडीतून आणलेली. तुमच्या टेकाडाची नाही आणि यांच्या मिठाचीही नाही. आता तुम्हीच सांगा, ही कुणाची ते."

एक शब्द वाकडा गेला असता तर कालचं सगळं पाण्यात जाणार होतं. जमिनीच्या साहेबानं टोपी काढून हातात घेतली, खड्ड्याकडे बघितलं, मग म्हातारीच्या पायांकडे बघितलं. भेगांमध्ये तांबडी माती सुकली होती.

"घराच्या आतल्या मातीबद्दल," तो सावकाश म्हणाला, "मला काही हुकूम नाही. ती माझ्या अधिकारात येत नाही."

मिठाच्या साहेबानं छत्री मिटली. "माझ्याही नाही."

वकिलानं तोंड उघडलं. सुनेनं त्याचा दंड असा दाबला की ते तसंच मिटलं.

जाताना जमिनीचा साहेब बांधावर थांबला. बूट काढून हातात घेतले आणि त्या ठिगळावर उभा राहून टाच दाबून बघितली. दगडासारखं होतं. "कोर्टाचं सांगणं तेच आहे," तो नवऱ्याला म्हणाला. "जैसे थे. आज मी बघायला आलो, बांध उभा आहे. आहे तसा ठेवायचा. एक कण ढळला तर जबाबदारी तुमची."

"हो, साहेब," नवरा म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्यानं मान वर केली.

मीठ धरलं, निघालं, राशी लागल्या. घरातला खड्डा तसाच होता. त्यात काट्याकुट्या आणि गाळ भरून, वर फळ्या टाकून ते निजत होते. फळ्या करकरायच्या, खालून ओल यायची. सासू आता सकाळी दारात बसायची नाही. बघायला काही उरलंच नव्हतं. ती गप्प गप्प झाली होती, आणि ते सुनेला बोलण्यापेक्षा जड जायचं.

एका पहाटे सुनेनं पातळ माती कालवली आणि कुणाला न सांगता बांधावर गेली. उन्हानं त्या तांबड्या ठिगळाला केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. ती गुडघ्यांवर बसली आणि हात फिरवायला लागली, घरात फिरवायची तसाच, आतून बाहेर, अर्धगोल. मागे काठीचा आवाज आला. सासू येऊन शेजारच्या दगडावर टेकली. बराच वेळ नुसती बघत राहिली. वाफ्यांवर मीठ धरण्याचा तो बारीक कडकडाट चालला होता.

सुनेनं शेवटचा हात फिरवला आणि भांडं उचललं.

"कोपरा राहिला बघ," सासू म्हणाली.

बांधाला कुठला आलाय कोपरा! सून हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "कोणता, आई?" तिनं विचारलं.

"जो राहिला तो," सासू म्हणाली, आणि सून भांडं टेकून पुन्हा पहिल्यापासून हात फिरवायला बसली.